नव्या शस्त्रक्रियेची परीक्षा
(हुडकेश्वर येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आरोग्याविषयी दोन शब्द बोलावेत, अशी चालकांची आज्ञा झाली. आम्ही वैद्य नव्हे, शिक्षक. म्हणून परीक्षेविषयीच बोलतो.

‘रुग्णालयात आमच्या माणसावर प्रयोग करतात’, असे भयभीत उद्गार आपल्या घरांतून कानी पडतात. या प्रयोगाचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात पूर्वी पोट उघडूनच रोगग्रस्त भाग काढीत. १९९१ च्या सुमारास लहान छिद्रांतून, दुर्बिणीच्या साहाय्याने तो काढण्याची रीत निघाली. जखम लहान, वेदना कमी. परंतु त्या छिद्रांच्या जागी रोग पुन्हा उद्भवल्याची वृत्ते येऊ लागली. मग निवाडा कसा व्हावा?

अमेरिका व कॅनडा येथील ४८ संस्थांनी ८७२ रुग्णांच्या बाबतीत दोन्ही रीती ताडून पाहिल्या. कोणास कोणती रीत, हे वैद्याच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरविले. नवी रीत वापरणाऱ्या शल्यचिकित्सकास अशा किमान २० शस्त्रक्रियांचा पूर्वानुभव आवश्यक होता. निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण जुन्या रीतीत शेकडा १८, तर नव्या रीतीत १६, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. जखमेच्या जागी रोग उद्भवण्याचे प्रमाण दोन्हींत शेकडा एकाहूनही कमी भरले. तेव्हा कुठे नव्या रीतीवरचा संशय फिटला.

अशी कसोटी आपल्या महाराष्ट्रातूनही झाली आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे व त्यांचे सहकारी यांनी स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढण्यापूर्वी तिच्याभोवती बधिरतेचे साधे औषध टोचून पाहिले. भारतातील ११ केंद्रांतील १,५८३ स्त्रियांचा हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण औषध न टोचलेल्यांत शेकडा ८६.४, तर टोचलेल्यांत ९०.१ आढळले.

बंधुभगिनींनो, अशा अभ्यासात रुग्णास समजेल त्या भाषेत माहिती देऊन त्याची लेखी संमती घ्यावी लागते. वाटेल तेव्हा माघार घेण्याचीही त्याला मोकळीक असते. म्हणून ‘प्रयोग’ हा शब्द ऐकताच रुग्णास घरी परत आणू नका, आणि न वाचता सहीही करू नका. ही रीत पूर्वी तपासली गेली आहे काय, आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या, नकार दिल्यास कोणते उपचार मिळतील, हे तीन प्रश्न डॉक्टरांना विनयाने, पण निःसंकोचपणे विचारा. उत्तरे घरातील वडीलधाऱ्यांबरोबरच प्रत्यक्ष रुग्णासही ऐकू द्या. कारण शरीर त्याचे आहे.