पुण्याची बिअर आणि सुरतेची बंदी

सुरतेच्या पर्वत पाटियात कोणी बिअरची भट्टी घालू म्हणेल, तर त्याची पावले कोठडीकडे वळतील. तोच उद्योग पुण्यात राजरोस परवान्याने चालतो. वास्तविक दोन्हीकडच्या निर्बंधांचे मूळ एकच, 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा. 1960 साली द्विभाषिक राज्य दुभंगले. गुजरातने बंदी राखली, महाराष्ट्राने ती क्रमाक्रमाने सैल केली.

2009 साली पुण्यात 'डूलाली' ही लघुमद्यशाळा निघाली. नाव मोठे नामी! नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशीच्या जहाजाची वाट पाहता पाहता गोरे सोल्जर म्हणे वेडेपिसे होत. तेव्हापासून इंग्रजीत वेड्याला 'डूलाली' म्हणू लागले. तेथे ऑलिव्हर शाउफ या जर्मन तज्ज्ञाने गव्हाची बिअर सिद्ध केली. मोड आणून वाळवलेले धान्य गरम पाण्यात मुरवायचे, त्याचा गोड रस हॉप्सच्या फुलांसह उकळायचा आणि निववून किण्वाच्या स्वाधीन करायचा. अशा बिअरला केळ्याचा वास येतो. त्यात केळे मुळीच नसते, ती किण्वाची करामत. ताजी, न गाळलेली बिअर फार दिवस टिकत नाही, म्हणून जेथे शिजते तेथेच ती खपवणे बरे. पुढे हा व्यवसाय मुंबईतही पसरला.

त्याच 2009 च्या जुलैत अहमदाबादेत विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. एवढ्यावरून बंदीला दोष देणे सोपे आहे. परंतु 2015 साली परवान्यांच्या मुंबईत, मालवणीतही शंभरावर बळी गेले. मद्यशाळेतील महागडा पेला त्या मजुरांच्या आवाक्यात कधी नव्हताच.