चातुर्मासाचा एक नेम पायांसाठी

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात अंजूर येथे केलेले भाषण)



या सोहळ्यात कीर्तनकारांनी बोलावे. आम्ही फिजिओथेरपीवाल्यांनी काय बोलावे, असा प्रश्न आम्हालाही पडला. पण दिंडी शंभर वर्षे चालली ती पायांनीच. त्या पायांबद्दल बोलण्याची आज्ञा झाली, म्हणून उभे आहोत.

आधी आमची चूक सांगतो. दिंडीबरोबर सेवेला येऊ लागलो तेव्हा आम्ही मुक्कामाला सतरंजी टाकायचो, शेक द्यायचो, तेल चोळायचो, गुडघ्याला पट्टा बांधायचो. माऊलींना बरं वाटायचं. दुसऱ्या मुक्कामाला तीच माऊली तोच गुडघा घेऊन पुन्हा समोर. एका आजींना आम्ही दोन वर्षे असंच चोळून पुढं पाठवलं. तिसऱ्या वर्षी त्या आल्याच नाहीत. घरी गेलो तर म्हणाल्या, "मना आता जमाचा नाय रं पोरांनो, गुडघं झिजलं." घरच्यांनी काळजीपोटी त्यांना खुर्चीत बसवून ठेवलं होतं. सहा महिन्यांत मांडी बारीक झाली होती. उंबरा ओलांडायलाही कुणाचा तरी हात लागत होता.

गुडघा झिजतो म्हणजे हाडांच्या टोकांवरची मऊ कूर्चा पातळ होते. पण एक्स-रेमध्ये जेवढी झीज दिसते तेवढंच दुखतं असं नाही. गुडघ्याचा भार मोठ्या प्रमाणात मांडीचा पुढचा स्नायू सांभाळतो. दुखतं म्हणून बसलो की तो स्नायू सुकतो, सगळा भार सांध्यावर येतो आणि दुखणं वाढतं. मग आपण आणखी बसतो. आजी या फेऱ्यात सापडल्या होत्या, आणि आमच्या तेलानं तो फेरा सुटणारा नव्हता.

मग त्यांना खुर्चीतूनच सुरुवात करून दिली. पहिल्या आठवड्यात हात टेकून पाच वेळा उठायचं, पाच वेळा बसायचं. पुढं हात न टेकता. मग अंगणात चालणं, मग देवळापर्यंत. पुढच्या कार्तिकात त्या सगळी वाट चालल्या नाहीत. घाट त्यांनी टेम्पोतून केला. पण आळंदीत इंद्रायणीचा पूल स्वतःच्या पायांनी ओलांडला.

आपल्याकडं आषाढात भातलावणी. दिवसभर चिखलात कंबर वाकवून काम. म्हणून आपल्या भागातले पुष्कळ वारकरी कार्तिकात आळंदीची वाट धरतात. त्याआधी चातुर्मास असतो. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी पोथी लावतं. त्यातच एक नेम पायांसाठी धरावा, एवढीच आमची विनंती.

नेम असा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून सावकाश उठणं-बसणं, दहा वेळा. गुडघा फार दुखत असेल तर बैठकीवर घडी घातलेलं घोंगडं ठेवून ती उंच करावी. दुसरं, खुर्चीत बसून एक-एक पाय सरळ करून पाच अंक मोजेपर्यंत धरणं, दहा वेळा. तिसरं, भिंतीला हात लावून दोन्ही टाचा उचलणं, दहा वेळा. सकाळ-संध्याकाळ मिळून अर्धा तासही लागत नाही. शिवाय जमेल तेवढं चालावं आणि दर आठवड्याला थोडं वाढवावं. वारीत घालायची चप्पल आधीच वापरून पायाला सरावाची करावी. व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नये. पण दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला किंवा दुखणं वाढलेलंच राहिलं तर व्यायाम कमी करावा. बंद मात्र करू नये.

सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच ठणकत असेल, तर अंथरुणातच पायाची बोटं हातानं वर ओढून तळवा ताणावा आणि मग उठावं. गोदामात माल उचलणाऱ्या आणि मागावर बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या आमच्या भावांची कंबर धरते. तेव्हा आठवडाभर झोपून राहू नये, हळूहळू हालचाल चालू ठेवावी. बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत उतरते. वेदनाशामक गोळ्या मात्र वाटेत मनानं घेऊ नयेत. घामानं अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या मूत्रपिंडाला आणि पोटाला बाधतात. मधुमेहानं तळव्यांची संवेदना गेली असेल त्यांनी अनवाणी चालण्याचा नवस करू नये. खडा रुतला तरी कळत नाही. रोज रात्री तळवे बघावेत.

काही खुणा दिसल्या तर आमच्याकडं न येता थेट दवाखान्यात जावं. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा जाणं, पायातली ताकद जाणं, एकच पोटरी सुजून गरम होणं, छातीत दुखणं, सांधा लाल होऊन ताप येणं.

आमची विद्या म्हणजे नुसती शेक देण्याची मशीन, असा समज आहे. ती मुंबईत कशी रुजली ते सांगतो. १९५२ साली मुंबईत पोलिओची साथ आली, मुलांचे हात-पाय लुळे पडले. त्यांना पुन्हा उभं करायला माणसं हवी होती, म्हणून १९५३ साली केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. १९५५ मध्ये हाजीअलीला पुनर्वसनाची केंद्र सरकारची संस्था उभी राहिली. पडलेल्याला त्याच्याच बळावर उभं करायचं, हे या विद्येचं मूळ काम आहे. आम्ही आजींना चोळत बसलो तेव्हा तेच विसरलो होतो.

शेवटी घरच्यांना हात जोडून सांगणं आहे. म्हाताऱ्या माणसाला "आता बस" म्हणू नका. तब्येत दाखवा, वैद्य सांगतील तेवढं चालू द्या, वाटलं तर बरोबर चाला. दिंडीची पुढची शंभर वर्षं नव्या पायांवर चालतील, पण जुने पाय अजून दमलेले नाहीत.

राम कृष्ण हरी!