शनिवारचा मराठी चित्रपट



व्याख्यानमालेच्या विषयांत दूरदर्शनला जागा मिळाली, याचे काहींना आश्चर्य वाटले असेल. पण मला आज सांगायचे आहे ते एका शनिवारविषयी. त्या दिवशी मी माझ्या आजीला हसलो होतो, आणि तो हिशेब माझ्याकडून अजून चुकता झालेला नाही.

साल 1976, मे महिना. आदिलाबादहून मीटर गेजच्या गाडीने किनवट, पुढे मुदखेड, मग मनमाड. तिथे मोठ्या रुळाची गाडी धरून आजी आणि मी गिरगावात मावशीकडे पोचलो. 1956 पर्यंत किनवट आपल्याच जिल्ह्यात होते. राज्यांची फेररचना झाली, किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. आजीचे माहेर किनवटचे. गाडी ते स्टेशन सोडेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

मुंबईत दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झाले होते. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी आपल्यापर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता. हैदराबादचे केंद्र आले ते 1977 मध्ये, आणि त्याची भाषा साहजिकच तेलुगू. तेव्हा मराठी बोलणारी पेटी मी पहिल्यांदा पाहिली ती त्या चाळीत. सगळ्या मजल्यावर एकच संच होता, मावशीच्या शेजारच्या बिऱ्हाडात. लाकडी कपाटासारखी पेटी, पुढे सरकती दारे. तिच्यावर ‘ईसी’ अशी अक्षरे होती. हा संच हैदराबादला तयार होतो, असे घरमालकांनी सांगितले तेव्हा माझी मान ताठ झाली. पेटी आमच्या राजधानीची, बोलणे मुंबईचे!

शनिवारचा दिवस ठरलेला असे. सकाळी मारुतीला तेल आणि रुईची माळ, बायकांचा उपास, दुपारी थोडी झोप. मात्र चारनंतर चाळीत हालचाल सुरू होई, कारण संध्याकाळी मराठी चित्रपट असे. हिंदी चित्रपट रविवारी. ज्यांच्या घरी संच, त्यांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग. पोरे पुढे जमिनीवर, बायका भिंतीला टेकून, पुरुष दारात उभे. घरच्यांचा स्वयंपाक लवकर उरकलेला. कोणाला या म्हणावे लागत नसे, पण संपल्यावर ‘बरं, येतो’ म्हटल्याशिवाय कोणी उठतही नसे.

त्या शनिवारी ‘संत तुकाराम’ होता. प्रभातचा, 1936 चा, दामले-फत्तेलाल यांचा. आजी पुढच्या रांगेत, हात जोडून. चित्रपट ऐन रंगात आला आणि पडद्यावर बातम्या सुरू झाल्या. आजी मोठ्याने म्हणाली, “काहून थांबवलं बाई? मले तर पुढचं पाहाचं होतं!”

‘काहून’ आणि ‘मले’ ऐकून पोरे फिसकन हसली. एकाने नक्कल केली. त्यात मीही हसलो. चाळीतल्या पोरांनी मला आपल्यातला मानावे म्हणून हसलो, हे मला तेव्हाही कळत होते. आजी गप्प झाली. तिने पदर डोक्यावर ओढून घेतला.

बातम्या संपल्या. पुन्हा तुकोबांचे घर आले, आणि आवली आली. गौरी नावाच्या अभिनेत्रीने ती भूमिका केली आहे. घरात दाणा नाही, नवरा भजनात, म्हणून ती विठोबालाही चार शब्द सुनावते. तिची बोली पुस्तकी नाही. ती थेट शेतातून, चुलीपाशी बसून आल्यासारखी आहे. चाळ अगदी स्तब्ध होऊन तिचे बोलणे ऐकत होती. त्या बोलीला एकही पोर हसले नाही.

आजी माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, “पाय, थे बी आपल्यावानीच बोलते.”

आता भाषाशास्त्राने पाहिले तर आवलीची बोली निराळी, आपली निराळी. पण आजीचे म्हणणे खरे होते. घरातली भाषा पडद्यावर गेली की तिला मान मिळतो. तोच शब्द म्हातारीच्या तोंडी आला की त्याचे हसू होते. फरक शब्दात नव्हता, ऐकणाऱ्यात होता.

त्याच सुमाराला जगात इतरत्रही शनिवार असाच होता. ब्रिटनमध्ये बीबीसीने 23 नोव्हेंबर 1963 ला, शनिवारीच, ‘डॉक्टर हू’ ही मालिका सुरू केली. पहिली काही वर्षे तीही कृष्णधवलच. तिथलीही घरेच्या घरे त्या वेळी एकत्र बसत. चित्र काळेपांढरे होते खरे, पण ते पाहणारे एकमेकांना दिसत होते.

मी त्या काळाचा गोडवा गाण्यासाठी उभा नाही. तेव्हा निवड नव्हती. आवडो न आवडो, जे लागेल ते पाहायचे. दारात उभ्या राहणाऱ्यांचे पाय दुखत, आणि काहींना त्या दारात उभे राहायलाही संकोच वाटे. आज फोनवर हवा तो मराठी चित्रपट हव्या त्या दिवशी मिळतो. आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांना ही मोठीच सोय झाली. पण तो आपण कानात बोंड घालून एकेकटे पाहतो. नातवाला एखादा शब्द अडला तर विचारायला आजी शेजारी नसते. आणि आजी बोललीच, तर तो तिची भाषा ‘चुकीची’ म्हणून दुरुस्त करतो. मी हसलो होतो, तो दुरुस्त करतो. फार फरक नाही.

म्हणून एक सूचना करतो. महिन्यातला एक शनिवार या सभागृहात मराठी चित्रपट लावू या. पुढची रांग म्हाताऱ्यांना. मध्ये दहा मिनिटे थांबवू, बातम्यांसाठी नव्हे, तर त्यांचे बोलणे ऐकण्यासाठी. ‘काहून थांबवलं’ असे कोणी विचारले, तर या वेळी कोणी हसणार नाही, एवढी जबाबदारी मी घेतो.

आजीची क्षमा मी कधी मागितली नाही. ती 1983 मध्ये गेली. आज आपल्यासमोर मागतो.