निवळ पाणी आणि स्वच्छ पाणी



काल याच व्यासपीठावरून आपण काव्यावरचे सुंदर व्याख्यान ऐकलेत. आज त्याच जागी उभा राहून मी सांडपाण्याविषयी बोलणार आहे, याबद्दल रसिकांनी मला क्षमा करावी. पाण्याचा विषय निघाला की आपल्याला नळ आठवतो, धरण आठवते. मोरीच्या तोंडाशी आपली जिज्ञासा संपते. तेथून पुढे काय होते, हे पाहण्यात माझे आयुष्य गेले. तेव्हा मी दुसरे काय बोलणार?

प्रथम एक कबुली देतो. नोकरीच्या काळात एका लहानशा नगरपालिकेचे मैलापाणी शुद्धीकरण केंद्र तपासून ‘काम समाधानकारक’ असा शेरा मी मारला होता. केंद्रातून बाहेर पडणारे पाणी काचेच्या पेल्यात धरून पाहिले. पेल्यापलीकडची अक्षरे वाचता येत होती. वास नव्हता. चहापाणी झाले, हारतुरे झाले. निघताना मी सहज खालच्या डोहाकडे गेलो, तो तेथे पाणीच दिसेना! या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरला होता. काठावर एक कोळी जाळे गुंडाळून बसला होता. तो म्हणाला, “साहेब, तुमचं केंद्र झाल्यापासनं घाण वास कमी झाला बघा. पण हे रान काही हटंना.” मी शेरा बदलला नाही, कारण नियमाप्रमाणे तो बरोबरच होता. पण त्या कोळ्याचे वाक्य मात्र माझ्यामागून घरापर्यंत आले.

पाणी निवळ होते; मग ते स्वच्छ का नव्हते? आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे.

साधे केंद्र काय करते ते आधी पाहू. सांडपाण्यात कुजणारे पदार्थ असतात. ते नदीत गेले तर कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात आणि मासे गुदमरतात. म्हणून केंद्रात टाकीमध्ये हवा खेळवून, जंतूंकडून हे कुजण्याचे काम आधीच उरकून घेतात. ही युक्ती १९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी सिद्ध केली, आणि ती फार मोलाची आहे. परंतु या रीतीने घाण कुजते; घाणीतले खत मात्र पाण्यातच विरघळून राहते. येथे बसलेल्या शेतकरी मंडळींना खताची नावे मी सांगायला नकोत. एक नत्र, दुसरे स्फुरद. गोणीवर छापलेले असतात तेच हे दोघे. आपल्या शरीरातून आणि साबणाच्या भुकटीतून ते मोरीत उतरतात, आणि काचेसारख्या निवळ पाण्यातून, कोणाच्या डोळ्यांना न दिसता, नदीत जातात. शेतात ज्याने ऊस वाढतो, त्यानेच डोहात शेवाळ आणि जलपर्णी वाढते. खताला शेत आणि नदी हा भेद कळत नाही.

थोडा हिशेब करू. माणशी दिवसाला सुमारे दीड ग्रॅम स्फुरद सांडपाण्यात जातो असे धरा. ३०,००० वस्तीच्या गावाचा झाला रोजचा ४५ किलो. ‘एवढासा?’ असे आपण म्हणाल. पण एक ग्रॅम स्फुरदावर वाळलेल्या वजनाचे शंभर ग्रॅमांहून अधिक शेवाळ पोसले जाऊ शकते. म्हणजे ४५ किलोंवर साडेचार टन! तेही एका दिवसाच्या खतावर. पुढे हे शेवाळ मरते, कुजते, आणि जो प्राणवायू वाचवण्यासाठी आपण केंद्र बांधले तोच खाऊन टाकते. पुढच्या दाराने चोर हाकलावा आणि मागच्या दाराने त्याला शिधा द्यावा, असा हा प्रकार आहे.

ही केवळ पुस्तकी भीती नव्हे. अमेरिकेत सिएटल शहराला लागून लेक वॉशिंग्टन नावाचे मोठे सरोवर आहे. त्याच्या भोवतालची गावे आपले मैलापाणी शुद्ध करून त्यात सोडत. पाणी शुद्ध केलेले होते, हे लक्षात ठेवा. १९५५ साली प्राध्यापक एडमंडसन यांच्या प्रयोगशाळेला त्या पाण्यात एक विशिष्ट शेवाळ सापडले. त्याच जातीने पूर्वी स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या सरोवराची दैना केली होती. एडमंडसन यांनी धोक्याची सूचना दिली. जेम्स एलिस नावाच्या वकिलाने सर्व गावांनी मिळून एक व्यवस्था उभारावी यासाठी चळवळ केली. मार्च १९५८ मध्ये मतदान झाले. मोठ्या शहराने होकार दिला आणि बाहेरच्या लहान गावांनी नकार! त्याच उन्हाळ्यात सरोवर आणखी बिघडले, आणि सप्टेंबरमध्ये लोकांनी स्वतःवर खर्चाचा बोजा घेऊन योजना मंजूर केली. १९६३ ते १९६८ या काळात सारे मैलापाणी सरोवरापासून वळवण्यात आले. ज्या पाण्यात उन्हाळ्यात जेमतेम एक मीटर खोल दिसे, तेथे थोड्याच वर्षांत तीन मीटर दिसू लागले. खत थांबले, सरोवर सावरले.

आता कोणी म्हणेल, मग आपणही पाणी दुसरीकडे वळवावे. सिएटलला ते जमले, कारण त्यांच्याजवळ समुद्र होता. आपल्याजवळ काय आहे? आपल्याजवळ खालचे गाव आहे! पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, भीमा असे करीत उजनीच्या जलाशयात पोचते. उन्हाळ्यात तेथले हिरवे पाणी ज्याने पाहिले आहे त्याला मी अधिक काय सांगू? सोलापूरकर तेच पाणी शुद्ध करून पितात, आणि त्याच भीमेत पंढरपूरला वारकरी स्नान करतात. मोठ्या शहरांना नावे ठेवणे सोपे आहे. पण प्रत्येक गाव कोणाच्या तरी वरच्या अंगाला असते. आपण ज्याला ‘सोडून दिलेले पाणी’ म्हणतो, ते दुसऱ्या कोणाचे तरी ‘आलेले पाणी’ असते.

आणि काही शेवाळे नुसती घाण करीत नाहीत, विष करतात. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात सुमारे पाच लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. उकळूनही ते विष जात नव्हते. तेथे मुख्य दोष शेतातून वाहून आलेल्या खताचा होता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शेतातले खत आवरणे हे वेगळे आणि अवघड काम आहे. पण म्हणून मोरीतून येणारे खत सोडून द्यावे काय? शेतातले खत हजार वाटांनी येते. केंद्रातले एका नळातून येते. जे एका नळातून येते ते तरी पकडावे की नाही?

ते पकडता येते, आणि त्यासाठी बहुधा जुने केंद्र पाडावे लागत नाही. नत्रासाठी टाकीचे दोन भाग करतात. हवा असलेल्या भागात जंतू अमोनियाचे नायट्रेट करतात. ते पाणी हवा नसलेल्या भागात परत फिरवले की तेथले जंतू श्वासासाठी नायट्रेटमधलाच प्राणवायू काढून घेतात. उरलेला नत्र वायू होऊन, आला तसा आकाशात निघून जातो. शिवाय या उसन्या प्राणवायूमुळे हवा खेळवण्याची वीज काही अंशी वाचते.

स्फुरदाची गोष्ट अधिक गमतीची आहे, आणि तिची सुरुवात आपल्याच देशातली आहे. मँचेस्टरच्या त्या दोघांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. त्याच संस्थेतल्या श्रीनाथ, शास्त्री आणि पिल्लई यांनी १९५९ साली दाखवले की, भरपूर हवा दिलेला केंद्रातला गाळ पाण्यातला स्फुरद झपाट्याने शोषून घेतो. त्याचे पद्धतशीर तंत्र १९७० नंतरच्या दशकात दक्षिण आफ्रिकेत जेम्स बर्नार्ड यांनी बसवले. जंतूंना आधी हवेवाचून कोंडायचे, पण खायला द्यायचे. मग हवेत सोडायचे. दुष्काळ पाहिलेला संसारी माणूस सुगी येताच कणगी भरतो, तसे हे जंतू गरजेपेक्षा जास्त स्फुरद पोटात भरतात. मग भरल्या पोटी त्यांना गाळासकट बाहेर काढायचे. हे साधले नाही तर आपल्या आजीचा उपाय आहेच: तुरटी! तुरटीशी स्फुरदाचा संयोग होऊन तो तळाशी बसतो. त्यात गाळ वाढतो आणि तुरटीचा खर्च कायमचा मागे लागतो, एवढाच तोटा.

आणि तो गाळ म्हणजे काय? आपले जुने सोनखतच की! आपला देश स्फुरदाचा बहुतेक दगड मोरोक्को, जॉर्डन अशा देशांतून विकत आणतो. तो शेतात जातो, धान्यातून आपल्या ताटात येतो, आणि ताटातून मोरीवाटे आपण तो नदीत फेकतो. रोगजंतू मारून आणि विषारी धातू नाहीत याची तपासणी करून हा गाळ शेताला परत देता येतो.

मग हे सर्वत्र का होत नाही? एक तर नियम. २०१७ साली केंद्र सरकारने मैलापाण्याचे जे मानदंड ठरवले, त्यांत नत्र आणि स्फुरद यांना मर्यादाच घातली नाही. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने अधिक कडक मानदंडांचा आग्रह धरला. पण खरे कारण दुसरे आहे. रस्ता केला की दिसतो, त्याचे उद्घाटन होते. पाण्यातून न दिसणारे खत काढले, तर आपल्या गावात काहीच दिसत नाही. दिसते ते खालच्या गावात. पैसे आपले आणि मासे त्यांचे! शिवाय यंत्रे आणून भागत नाही. रोज नमुना घेणारा, रात्री पंप बंद पडला तर धावणारा शिकलेला माणूस तेथे कायम लागतो. त्याच्या पगारात काटकसर केली की लाखोंची यंत्रे भंगार होतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून आपणांस एक विनंती. नगरपालिकेच्या सभेत केंद्राचा विषय निघेल, तेव्हा ‘पाणी निवळ येते ना?’ एवढेच विचारून बसू नका. ‘बाहेर जाणाऱ्या पाण्यात नत्र किती, स्फुरद किती, आणि तो शेवटचा कधी मोजला?’ असे विचारा. उत्तर येणार नाही. पुढच्या सभेत पुन्हा विचारा. प्रश्न विचारणारी चार माणसे असली की मोजमाप सुरू होते, आणि मोजमाप सुरू झाले की लाज वाटू लागते.

त्या कोळ्याला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. ते देण्यास मला फार उशीर झाला. आपल्याला होऊ नये. आपल्या वरच्या गावाने आपल्याला कसे पाणी द्यावे असे आपल्याला वाटते, तसेच आपण खालच्या गावाला द्यावे. नदीकाठच्या माणसाचा शेजारधर्म याहून वेगळा नाही.