डोमिनिकाच्या शाळेतला क्रिओल दिवस

कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिका बेटावर ऑक्टोबरच्या अखेरीस ‘क्रिओल दिवस’ येतो आणि शाळांचा रंगच पालटतो. रोजचा गणवेश घरी राहतो. मुली पायघोळ ‘वोब द्वियेत’ नेसून येतात, मुलांच्या अंगावरही चौकटीचं मद्रास कापड असतं. हे कापड मुळात दक्षिण भारतातलं. वसाहतकाळातल्या व्यापारातून ते इथे पोहोचलं आणि राष्ट्रीय पोशाखाचा भाग झालं.

बेटाची राजभाषा इंग्रजी. फ्रेंच शब्दसंपदेवर वाढलेली क्वेयोल, म्हणजे क्रिओल भाषा, मात्र घराघरात, बाजारात टिकली. एकेकाळी शाळेत तिला कमी लेखलं जाई. आज त्याच शाळेत मुलं तिच्यात गातात, गोष्टी सांगतात. ही भरपाई उशिरा झाली, पण फार मोलाची आहे.

सोबतीला जिंग-पिंग वाजतं: अकॉर्डियन, ढोलकं, खरखर घासायचं वाद्य आणि फुंकून घुमवायची बांबूची पोकळ नळी. पुस्तकातला धडा असा कानांनी शिकता येतो.

पूर्वेच्या किनाऱ्यावर, 1903 साली राखून ठेवलेल्या प्रदेशात, बेटाचे मूळ रहिवासी कालिनागो राहतात. तिथल्या मुलांसाठी वारसा म्हणजे लारुमा या वेतासारख्या वनस्पतीच्या पट्ट्यांची टोपली. ती विणण्याचं कसब थोरांकडून धाकट्यांकडे आजही जातं.