भिंतीवरील नरक आणि आपलें अंतःकरण
(अर्धापूर येथें महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



आनंदाच्या दिवशीं नरकाचा विषय काढणें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु ज्या काळीं सामान्य जनांस अक्षरओळख नव्हती, त्या काळीं इटली देशांत देवमंदिराच्या भिंती हेंच त्यांचें धर्मपुस्तक होतें; आणि त्या पुस्तकाचें शेवटचें पान बहुधा अंतिम न्यायाचें असे.

पादुआ शहरांत एन्रीको स्क्रोवेन्यी नांवाच्या धनिकानें एक लहान मंदिर बांधिलें. सन १३०५ त त्याचा अभिषेक झाला. त्याच्या भिंती ज्योत्तो ह्या विख्यात चित्रकारानें रंगविल्या, व अंतिम न्याय त्यानें प्रवेशद्वाराच्या वर काढिला. ख्रिस्ताच्या सिंहासनापासून अग्नीची नदी निघून नरकांत कोसळते. तेथें यहूदा फांसावर लटकलेला आहे, आणि सावकारही आपल्याच थैल्यांच्या दोऱ्यांनीं लटकत आहेत.

आतां नवल पाहा. एन्रीकोचा बाप स्वतः सावकार होता. दान्ते कवीनें त्यास आपल्या काव्यांत नरकांतील सावकारांमध्यें बसविलें, असें टीकाकार मानतात. तरीही पुत्रानें सावकारांचा नरक आपल्याच मंदिरांत रंगवूं दिला, आणि त्याच भिंतीवर मंदिराची प्रतिकृति अर्पण करीत तो गुडघे टेकून बसला आहे.

फ्लॉरेन्स येथें फ्रा आंजेलिको ह्या डॉमिनिकन मठवाशानें सन १४३० च्या सुमारास हाच विषय फळीवर रंगविला. मध्यें उघडीं थडगीं. एकीकडे देवदूतांसह बागेंत फेर धरणारे पुण्यवंत, दुसरीकडे सैतानांनीं हांकलेले पापी. त्या पाप्यांत मुकुटधारी आहेत, तसे धर्माधिकारीही आहेत. स्वतः मठवासी असून त्यानें आपल्या वर्गास सवलत दिली नाहीं. ह्याच चित्रकारास पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनीं १९८२ त धन्य घोषित केलें. ऑर्विएतोच्या महामंदिरांत त्यानें १४४७ त आरंभिलेलें काम लूका सिन्योरेल्लीनें १४९९ नंतर पुढें चालविलें. त्याचे सैतान मानवदेहाचेच आहेत, केवळ कातडीचा रंग निराळा.

आपल्या प्रांतांतही धर्म असाच डोळ्यांनीं व कानांनीं शिकविला गेला. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या ओसरींत बौद्धांचें भवचक्र रंगविलेलें आहे; आणि फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें क्रिस्तपुराण १६१६ त गोमंतकांत मराठी ओव्यांत छापलें गेलें. भिंत असो वा ओवी, हेतु एकच: ऐकणाऱ्यानें स्वतःकडे पाहावें.

बंधूंनो, आपण मात्र नरकांत नेहमीं शेजाऱ्यास बसवितों. ख्रिस्तसभेनें अगणित संतांचीं नांवें जाहीर केलीं, परंतु अमुक मनुष्य नरकांत आहे असें नांव घेऊन तिनें कधींही सांगितलेलें नाहीं. मग आपणांस तो अधिकार कोणीं दिला?

ज्योत्तोचें चित्र दाराच्या वर आहे, म्हणून मिस्सा आटोपून बाहेर पडणाऱ्याच्या दृष्टीस तेंच पडतें. दाराबाहेर बाजार आहे. पेरणीच्या तोंडावर अडलेल्या कुणब्यास कोणत्या व्याजानें पैसा दिला, हळद तोलतांना कांट्यावर बोट टेकलें काय, मजुराची मजुरी सांजेस हातीं पडली काय, हे प्रश्न तेथें सुटतात. थैलीची दोरी तेथेंच वळली जाते. आणि जिवंतपणीं ती सोडावयास अद्यापि वेळ आहे. घेतलेलें परत करावें, तुटलेलें जोडावें, कुमसार चुकवूं नये. ह्या महोत्सवाचें खरें स्मारक तेंच होय.

परमेश्वर आपणां सर्वांस त्याच्या उजव्या हातास उभें करो.