नांवाचा धनी कोण?

९ जानेवारी २००७ रोजीं सान फ्रान्सिस्को येथें ॲपल कंपनीनें आपला नवा दूरध्वनि ‘आयफोन’ या नांवानें जगापुढें मांडला. पण श्रोतेहो, तें नांव सिस्को कंपनीच्या मालकीचें होतें! २००० सालीं तिनें इन्फोगियर कंपनी विकत घेतली, तींत हें नोंदलेलें व्यापारचिन्हही आलें होतें. ॲपलशीं बोलणीं चालूं होतीं. करार मात्र झालेला नव्हता. खरेदीखत व्हावयाचें आणि वास्तुशांत उरकावयाची, असाच हा प्रकार. दुसऱ्याच दिवशीं सिस्कोनें फिर्याद गुदरली. मोबाईल फोनला हें नांव प्रथम आपणच दिलें, सिस्कोचीं यंत्रें इंटरनेटवरून बोलण्याचीं, असा ॲपलचा बचाव. वस्तु निराळ्या खऱ्या. पण ग्राहक दुकानांत नांवच सांगतो. २१ फेब्रुवारीस तडजोड जाहीर झाली. नांव दोघांनींही वापरावें असें ठरलें. बाकीच्या अटी गुप्त राहिल्या.